शिट्टीच्या आधी, शिट्टीच्या नंतर

यंदाच्या अंकाचा विषय 'निवाडा' असा मुक्रर झाल्याचे संपादकांचे पत्र हाती पडले, तेव्हा बेळगावच्या माणसाकडून त्यांना कोणत्या निवाड्याची कैफियत अपेक्षित असावी, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नव्हती. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात उभा असलेला महाराष्ट्राचा दावा, सीमावादाच्या या पायऱ्या आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण ज्या मुलखात एका तकरारीच्या निकालाची वाट पाहण्यात तीन पिढ्या खर्ची पडल्या, त्या मुलखात राहून मला कुतूहल वाटत आले ते नेमक्या उलट जातीच्या न्यायाधीशाचे : ज्याच्यापुढे साक्षीपुरावा अर्ध्या क्षणात येतो आणि नाहीसा होतो, ज्याला पुढची तारीख देण्याची मुभा नाही, आणि ज्याच्यासमोर वादी-प्रतिवादी घामाने निथळत हातभर अंतरावर उभे असतात. असा न्यायाधीश जवळून पाहावा म्हणून मी पिरनवाडीस गेलो.

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याने निघून उद्यमबागेतल्या फौंड्र्या मागे टाकल्या, की मच्छेच्या अलीकडे पिरनवाडी लागते. एके काळी निखळ शेतकऱ्यांचे असलेले हे गाव आता नगर पंचायतीचे झाले आहे. घरातला एक जण भाताच्या शेतावर आणि दुसरा कारखान्याच्या पाळीवर, अशी येथली पुष्कळशी कुटुंबे. २०२० च्या ऑगस्टात येथल्या चौकातील पुतळ्यावरून उसळलेला क्षोभ दोन्ही राज्यांत गाजला, आणि अखेर चौकास शिवछत्रपतींचे नाव व चौकात संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा, अशी तडजोड होऊन तो शमला. मी गेलो ते कबड्डीच्या सामन्यांसाठी. सुगी आटोपलेली, मैदानावर पाणी मारून माती बसवलेली, फक्कीच्या रेषा ताज्या, चारी कोपऱ्यांच्या खांबांवर प्रखर दिवे आणि ध्वनिक्षेपकावर निवेदकाची अखंड संततधार. एक संघ शेजारच्या मराठी वस्तीतला, दुसरा बैलहोंगलाच्या बाजूचा कानडी; आणि प्रेक्षकांच्या आरोळ्या दोन्ही भाषांत.

मध्यरेषेवरचा माणूस

कबड्डीचे न्यायमंडळ पुष्कळांना वाटते त्याहून मोठे असते. मध्यरेषेच्या दोन टोकांना दोन पंच, त्यांच्यावर एक सरपंच, मेजावर गुणलेखक, आणि अंतिम रेषांकडे दोन साहाय्यक गुणलेखक. दोन पंचांचे एकमत झाले नाही, तर सरपंचाने निकाल द्यायचा. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा पुरुषांच्या मैदानासाठी सहा माणसे म्हणजे अंमळ जास्तच, असे प्रथमदर्शनी वाटते. पहिली दाट पकड पडेपर्यंतच ते वाटते.

ती पकड अशी पडली. चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे झेपावला. कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला, तोच मध्यरक्षकाने कमरेला मिठी घातली, आणि पाहता पाहता पाच जण त्याच्यावर कोसळून तो सगळा ढीग बाजारच्या दिवशी एस.टी.च्या दारात होतो तसा होऊन राखीव क्षेत्राकडे घसरत गेला. या ढिगातून केवळ एक हात बाहेर होता आणि तो मातीवरून बोटाबोटाने मध्यरेषेकडे सरकत होता. 'सोडू नको रे', 'बिडब्याडो', 'आउट झाला की वो', अशा त्रिभाषिक गदारोळात मी पंचाकडे पाहिले, तर तो गुडघा टेकून जवळजवळ आडवा झालेला, डोळे रेषेवर आणि कान ढिगाच्या तोंडाशी. कबड्डीच्या पंचास ऐकावे लागते, ही गोष्ट दूरचित्रवाणीवर खेळ पाहणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. चढाईपटूचा दम चालू आहे की तुटला, हा या खेळातला मूळ प्रश्न; दम तुटला त्या क्षणी तो बाद, मग त्याचा हात रेषेपार गेला काय नि न गेला काय. उलट पक्षी, बचाव करणाऱ्याने त्याचे तोंड दाबून किंवा गळा आवळून दम मुद्दाम कोंडला असेल, तर तो बाद धरायचा नाही. म्हणजे दम थांबल्याचे ऐकून भागत नाही, तो कोणी थांबवला हेही त्याच क्षणी पाहणे आले, आणि ध्वनिक्षेपकावरचा निवेदक तर क्षणभरही स्वस्थ बसायला तयार नाही.

बोटे रेषेपलीकडे टेकली. एकच आखूड शिट्टी झाली. पुढचे काम मला त्या निर्णयाहूनही अधिक प्रेक्षणीय वाटले. पंच उठला, त्याने प्रथम आडव्या हाताने गुण कोणत्या बाजूचा ते दाखवले, मग बोटे वर करून किती ते दाखवले, आणि त्यानंतर ढिगातून उठणाऱ्या एकेकाच्या पाठीवर थाप मारीत त्याला बाहेर काढले. सदऱ्यावरचे आकडे मातीने माखले होते. थापेवाचून दुसरा मार्ग नव्हता. चढाईपटू सुखरूप परतला तर झटापटीत ज्यांचा ज्यांचा त्याला स्पर्श झाला ते सगळे बाद, आणि बाद झालेले पुढे ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठतात. म्हणून बैठकीत कोण आधी बसला याची नोंद साहाय्यक गुणलेखकास हवी असते. पंचाचा हात प्रेक्षकांसाठी उंचावलेला असतो असे आपण समजतो. त्याचा खरा रोख मेजावरच्या पेन्सिलीकडे असतो.

शिट्टी न वाजवण्याची विद्या

सामना आटोपल्यावर त्या पंचाशी बोलणे झाले. शाळेत खेळाचे मास्तर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, आजूबाजूच्या गावांत सगळे त्यांना 'सर' म्हणूनच हाक मारतात. नवशिक्या पंचाची सर्वांत मोठी खोड कोणती, असे विचारले, तेव्हा चुकीचा निर्णय असे उत्तर येईल ही माझी अटकळ होती. ते म्हणाले, घाईची शिट्टी. शिट्टी झाली की धरणारे हात सैल पडतात, ओढणारा थांबतो, आणि मग नंतर जे घडले असते ते कोणालाही परत आणता येत नाही. निर्णय चुकला तर तो सरपंचाकडून दुरुस्त होण्याचा संभव असतो, अकाली वाजलेली शिट्टी कोणीच दुरुस्त करू शकत नाही.

या एका वाक्याने माझ्यापुढे पुष्कळ खेळांचे कोडे उलगडले. गोंधळाच्या प्रसंगी पंचाने प्रथम कोण बाद हे सांगायचे नसतेच. त्याने आधी सांगायचे ते हे, की खेळ चालू आहे की थांबला. ते समजले म्हणजे खेळाडू आपापले कर्तव्य करीत राहतात, आणि गुन्हा कोणाचा याचा विचार मागाहून सावकाश होऊ शकतो.

कबड्डीतला बोनस गुण हे याचे उत्तम उदाहरण. समोर किमान सहा बचावपटू असताना चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली आणि त्या वेळी त्याचा मागचा पाय हवेत असला, तर त्याला एक गुण मिळतो. पण पंच तो तत्काळ जाहीर करीत नाही. चढाई पुरी होऊ द्यायची आणि मग त्या बाजूकडे आंगठा उभा करायचा, असा शिरस्ता आहे. मधल्या काळात चढाईपटू पकडला गेला तरी बोनस जात नाही. एक गुण इकडे आणि एक तिकडे. आंगठा खिशात घातल्यासारखा मुठीत दडवून पुढची झटापट निर्विकारपणे पाहणारा पंच म्हणजे संयमाचा मूर्तिमंत नमुना होय. गावच्या प्रेक्षकाला मात्र हा संयम मुळीच मान्य नसतो, आणि रेषेला पाय लागताच दोनशे आंगठे एकदम वर होतात.

क्रिकेटच्या नियमकर्त्यांनी हाच भेद लिहून ठेवला आहे. चेंडू जिवंत असताना करायच्या खुणा मोजक्या : बाद, नो बॉल, वाइड आणि डेड बॉल. चौकार, षटकार, बाय, लेग बाय, अपुरी धाव, या सगळ्या खुणा चेंडू मृत झाल्यावर, गुणलेखकासाठी. नो बॉल ओरडून सांगायचा आणि हातही आडवा करायचा, कारण फलंदाजाची नजर चेंडूवर असते, पंचावर नसते. त्याला कळण्याचा मार्ग कानातूनच जातो. मग चेंडू मृत झाला की तीच खूण पुन्हा एकदा, या वेळी मेजाकडे तोंड करून, आणि मेजावरून पोच मिळेपर्यंत थांबायचे. टेनिस चेंडूच्या स्पर्धांत, जिथे पंच म्हणून पुष्कळदा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एखादा फावला गडी उभा असतो, तिथे ही पोच घेण्याची पद्धत हटकून मोडते. मग डावाच्या शेवटी दोन धावांचा हिशेब लागत नाही आणि सगळे मैदान मेजाभोवती जमा होते.

मुका हात

दुनियेतील सर्व खेळांत पंचाच्या आवाजाला आणि हाताला बेसबॉलइतके महत्त्व क्वचितच असेल. आमच्याकडे त्याचे धाकटे भावंड जे सॉफ्टबॉल, ते शालेय क्रीडास्पर्धांमुळे पुष्कळ मुलामुलींच्या परिचयाचे आहे. यात चेंडू फेकणारा, त्याच्यासमोर बॅटधारी आणि बॅटधाऱ्याच्या मागे उकिडवा बसलेला झेलणारा. बॅटधाऱ्याचे तीन फटके वाया गेले की तो बाद. पण यात एक पोटकलम आहे. तिसऱ्या फटक्याचा चेंडू झेलणाऱ्याच्या हातात जाण्याआधी जमिनीला लागला, तर विशिष्ट परिस्थितीत बॅटधारी बाद होत नाही. तो पहिल्या तळाकडे धावू शकतो.

१२ ऑक्टोबर २००५ रोजी शिकागोत व्हाइट सॉक्स आणि एंजल्स या संघांत १-१ अशी बरोबरी असता, नवव्या डावात दोन गडी बाद असताना, ए. जे. पियरझिन्स्की या बॅटधाऱ्याचा तिसरा फटका वाया गेला. चेंडू जमिनीला लागला की नाही हे सांगणे कठीण होते. पंच डग एडिंग्स यांनी हात बाजूला लांबवला आणि मग मूठ वळली. तोंडाने काही स्पष्ट उच्चारले नाही. झेलणारा जॉश पॉल याने ती मूठ म्हणजे बाद असे समजून चेंडू मैदानाच्या मधोमध घरंगळत सोडून दिला आणि तो निघाला. पियरझिन्स्कीही दोन पावले तंबूच्या दिशेने गेला, पण तेवढ्यात काही तरी उमगून तो पहिल्या तळाकडे पळत सुटला. त्याच्या जागी धावणाऱ्या गड्याने दुसरा तळ चोरला, जो क्रीडी याने फटका हाणला, आणि सामना २-१ असा फिरला. व्हाइट सॉक्स त्या वर्षी अजिंक्य ठरले. चेंडू जमिनीला लागला होता की नव्हता, यावर आजही वाद घालणारे आहेत. मला तो वाद गौण वाटतो. एडिंग्स यांच्या मते झेल झालाच नव्हता, मुठीचा अर्थ केवळ 'तिसरा फटका' एवढाच होता. परंतु त्यांच्या हाताने एक वाक्य अर्धे सांगितले आणि उरलेले अर्धे प्रत्येकाने आपल्या सोयीने पुरे केले. अशा प्रसंगी हात आडवे पसरून 'नो कॅच' असे मोठ्याने म्हणावे, असे पंचांना शिकवले जाते ते याचसाठी.

याच्या उलट टोकाला जिम जॉइस या पंचाचे चरित्र आहे. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये आर्मांडो गॅलारागा या गोलंदाजाने ओळीने सव्वीस गडी एकालाही तळ न गाठू देता परतवले. सत्ताविसावा पहिल्या तळावर उघड बाद असता जॉइस यांनी दोन्ही हात झटकन पसरून 'सेफ' असा निर्णय दिला. खूण निःसंदिग्ध, उच्चार स्वच्छ, आणि निर्णय साफ चूक. त्यांनी चित्रफीत पाहिल्यावर ती चूक जाहीरपणे कबूल केली. तेच जॉइस २६ ऑक्टोबर २०१३ रोजी सेंट लुइसला वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात तिसऱ्या तळाजवळ उभे होते. ४-४ अशी बरोबरी. चेंडू तळाच्या पार निघून गेला, तो अडवण्यासाठी झेपावलेला विल मिडलब्रुक्स जमिनीवर पडलेला, आणि त्याच्या पायांत अडखळून धावपटू अॅलन क्रेग कोलमडला. जॉइस यांनी अडथळा झाल्याचे हाताने दर्शवले, पण खेळ थांबवला नाही. क्रेग उठून लंगडत घराच्या तळाकडे धावला. चेंडू त्याच्याआधी पोचला, त्याला स्पर्शही झाला. तरी तेथले पंच डेना डीम्यूथ यांनी 'सेफ' दिले आणि तिसऱ्या तळाकडे बोट केले. सामना ५-४ असा तेथेच संपला. प्रेक्षकांना काही क्षण अर्थबोध झाला नाही, पण ज्यांना समजायला हवे होते ते दोन पंच एकमेकांशी एकही शब्द न बोलता शंभर फुटांवरून बोलले होते. गोंधळातला निवाडा पाहायचा असेल, तर मी जिज्ञासूंना याच सामन्याची चित्रफीत पाहण्याची शिफारस करीन.

हांगझोऊचा खोळंबा

पिरनवाडीच्या मैदानावर मात्र उल्लेख होतो तो दुसऱ्याच सामन्याचा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुष कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात रंगला होता. महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे भारताच्या चमूत होते. शेवटचा थोडासाच वेळ उरला असता २८-२८ अशी बरोबरी, आणि कर्णधार पवन सेहरावत याची 'करो वा मरो' चढाई. पवन कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला, आणि त्याला बाहेर लोटण्याच्या आवेशात इराणचे बचावपटूही त्याच्या मागोमाग तेथे उतरले.

आता येथे दोन कायदे समोरासमोर आले. राखीव क्षेत्र हे झटापट सुरू झाल्यावरच मैदानाचा भाग होते. त्याआधी तेथे पाऊल टाकणारा बाद. जुन्या नियमाप्रमाणे चढाईपटू तर बाद होतोच, शिवाय त्याच्या पाठोपाठ तेथे गेलेले बचावपटूही बाद. प्रो कबड्डीत रूढ झालेल्या नव्या नियमाप्रमाणे चढाईपटू गेला तेथेच खेळ संपला, बाकीच्यांना दोष नाही. पंचांनी एक निर्णय दिला, तो फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मैदानातच बसून राहिले, आणि सामना जवळपास तासभर खोळंबला. अखेर भारतास तीन व इराणला एक गुण असा निकाल होऊन भारताने तो ३३-२९ असा जिंकला.

भारत जिंकला म्हणून आपल्याकडे हे प्रकरण आनंदात मिटले. पण पंचगिरीच्या दृष्टीने ते लाजिरवाणे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पवनचा पाय कुठे पडला, इराणी पाय कुठे पडले, हे दहा कोनांतून सर्वांना दिसत होते. वस्तुस्थितीबद्दल तकरारच नव्हती. कोणता कायदा अमलात आहे हे सामना सुरू होण्याआधी निर्विवाद ठरलेले नव्हते, आणि म्हणून पंचांचे हात वर होत होते ते प्रत्येक वेळी निराळ्या पुस्तकातून.

माती आणि गादी

या भागात कबड्डीपेक्षाही जुना मान कुस्तीचा. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. १९५९ साली त्यांनी ती गदा मिळवली. मातीच्या मैदानात पंचाचे काम मूक असते. हलगीच्या कडकडाटात शिट्टीचा उपयोग नाही, आणि प्रेक्षक कठड्याला खेटून उभे. म्हणून तो पाठ टेकली असे पाहताच थेट दोघांच्या मधे शिरतो आणि विजेत्याचा हात धरून वर करतो. फार वेळ निकाल लागला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवतो. गादीवर हेच काम तिघांत वाटलेले आहे. मधला पंच, ज्याच्या डाव्या मनगटावर तांबडी पट्टी आणि उजव्यावर निळी, तो ज्याचा गुण त्या रंगाचा हात बोटांसह वर करतो. पण दोन्ही खांदे टेकल्याचा निकाल तो एकटा देऊ शकत नाही. त्याला बाजूच्या पंचाची किंवा गादीप्रमुखाची संमती नजरेने घ्यावी लागते, मगच गादीवर हात आपटायचा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निकाल पंचांनी दिला. खांदे टेकलेच नव्हते असे राक्षेचे म्हणणे; तो पंचांच्या अंगावर गेला आणि त्याबद्दल त्याला तीन वर्षांची बंदी झाली. शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु हजारोंच्या समोर दिलेला निकाल त्याच हजारोंच्या समोर, मोठ्या पडद्यावर चित्रफीत दाखवून समजावून सांगण्याची तजवीज प्रत्येक मोठ्या मैदानात का असू नये, हा प्रश्न त्या बंदीने मिटत नाही.

अनामत रक्कम

पिरनवाडीच्या सामन्यांत असा पडदा नव्हता, आणि त्याची जरूरही पडली नाही. उपान्त्य फेरीत राखीव क्षेत्राचाच पेच उभा राहिला. स्पर्श झाला की नाही यावर दोन पंचांत मतभेद. एकाचा हात वर, दुसऱ्याचा कमरेवर. सरपंच संथपणे चालत आले, दोघांना जवळ घेऊन अगदी हलक्या आवाजात विचारपूस केली, आणि मग ध्वनिक्षेपक निवेदकाच्या हातून स्वतःकडे घेतला. प्रथम त्यांनी काय पाहिले ते सांगितले, मग निकाल, शेवटी गुण. आधी मराठीत, लगोलग कानडीत, त्याच क्रमाने. बैलहोंगलाच्या कर्णधाराने मान डोलावली नाही, पण जाग्यावर परतला.

संयोजकांनी वाटलेले स्पर्धेचे पत्रक मी मागून घेतले आहे. प्रवेश शुल्क, बक्षिसाच्या रकमा, देणगीदारांची छायाचित्रे, आणि खाली 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' ही पिढ्यान् पिढ्यांची ओळ. तिच्याखाली हांगझोऊनंतर भर घातलेली दुसरी ओळ आहे, की राखीव क्षेत्राबाबत जुना नियम लागू राहील. तिसरी ओळ अशी : तक्रार लेखी हवी, सोबत अनामत रक्कम हवी, आणि तक्रार फेटाळली गेल्यास ती जप्त होईल. त्या रात्री मेजावर एकही अर्ज आला नव्हता, असे गुणलेखकाने मला दप्तर उघडून दाखवले.